पान उलटून

ब्रेंडा आर्मिटेजच्या घराची किल्ली
जानेवारीत माझ्याकडे आली.
खुबा बदलायचा होता तिचा,
मग सहा आठवडे धाकट्या बहिणीकडे, व्हिटबीला.
बारा कुंड्या. "पाणी बेताचं घाल, लाड करू नकोस,"
एवढंच म्हणाली, आणि टॅक्सीत
आधी काठी टाकली, मग स्वतः बसली.

हडर्सफील्डचा जानेवारी. चार वाजता दिवे.
रेडिएटरनं भाजून काढलेल्या हवेत
खिडकीशी दाटीनं उभी झाडं,
शाळेच्या फोटोसारखी: उंच मागे, बुटकी पुढे.

पहिल्या आठवड्यात काहीच दिसलं नाही मला.
दुसऱ्यात खिडकीची फळी चिकट लागली,
सरबत सांडल्यासारखी.
पुसली. दोन दिवसांत पुन्हा चिकट.

पिंपळगावात बाबांचं औषधांचं दुकान होतं,
माणसांच्या नव्हे, द्राक्षांच्या.
भिंतीवर कंपनीचं पोस्टर: मावा, तुडतुडे, फुलकिडे,
पिठ्या ढेकूण, लाल कोळी,
मोहरीएवढे जीव उंदराएवढे काढलेले.
त्याखाली बसून मी पाढे पाठ केले.
गिऱ्हाईक म्हणायचं, पानं पिवळी पडतायत, काहीतरी द्या.
बाबा फळीकडे हातही न्यायचे नाहीत.
"पान उलटून बघितलंस?"
बहुतेकांनी बघितलेलं नसायचं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते.
तिथलं भिंग खिशात घालून आणलं
आणि उलटलं पान.

रबराच्या झाडाला शिरेवर तपकिरी खवले;
नखानं खरवडले तर टवके उडाले,
नखाखाली ओलं राहिलं.
आयव्हीवर फिकट ठिपके, बारीक जाळी.
पांढऱ्या कागदावर पान झटकलं
तर कागदावरची मिरपूड चालू लागली.
आठ पाय. हा किडा नव्हे, कोळी आहे,
बाबा म्हणालेच असते,
किड्याचं औषध देऊन पैसे घालवू नकोस.
त्याला कोरडं आवडतं. त्याला आंघोळ घाल.

तर आयव्हीला न्हाणीघरात नेलं,
कुंडीच्या तोंडाला पिशवी बांधली,
उलटी धरून शॉवरखाली पाठ चोळली.
मातीतून उठणाऱ्या चिलटांना
पिवळे चिकट कागद, आणि पाणी बंद,
वरची दोन बोटं माती वाळेपर्यंत.
लाड करू नकोस, म्हणाली होतीच.

पिठ्यानं मात्र जीव काढला.
पानाच्या बगलेत कुणी कापूस विसरावा तसा.
फुंकर मारली, उडाला नाही.
फळीच्या टोकाला कानकाड्यांची डबी होती,
शेजारी स्पिरिटची बाटली, अर्धी.
भिजली काडी पुंजक्यावर टेकवायची;
पांढरं विरतं, आतला गुलाबी जीव दिसतो.
दर पाचव्या दिवशी पुन्हा,
कारण अंड्यांना स्पिरिट कळत नाही.
झोपेतही मी बगला तपासत होते.

बारावी कुंडी सगळ्यांत शेवटी हातात घेतली.
पांढरं ऑर्किड.
ते मी दिलेलं, नाताळात, सुपरमार्केटमधलं,
किमतीची चिठ्ठी बसमध्येच खरवडून.
त्याच्यावर कशाला संशय घ्यायचा?

बुंध्याचा वाळका पापुद्रा सोलला.
आत अख्खं गाव. पणज्या, बाळंतिणी, रांगती पोरं.
इथूनच निघाले होते सगळे.

काळ्या पिशवीला दोन गाठी मारल्या
आणि अंधार पडल्यावर डब्यात टाकलं, चोरासारखं.

मार्चात ब्रेंडा आली. कोट न काढता मोजलं. अकरा.
"ते ऑर्किड..." मी म्हटलं.
"गेलं ना? बरं झालं." किटली लावत, पाठमोरी.
"मला बॉक्सिंग डेलाच दिसले होते.
पण तू किती हौसेनं आणलेलंस."

तरीच बाटली अर्धी होती.

काठी टेकत ती खिडकीशी गेली,
आयव्हीचं एक पान अंगठ्यानं उलटलं.
मागे एक पांढरा ठिपका.
मी डबी उघडून तिच्यापुढे धरली.